दोन वर्षांचा पक्का भाव

विनोदिनी लांजेवार आमच्या गल्लीत राहते. पुरानी बस्तीत आमचं घर ज्या बोळात आहे त्याच्या तोंडाशी एक पिठाची चक्की आहे, तिच्या वरच्या दोन खोल्यांत. मूळची तुमसरची. लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा बावीसची होती, आता त्रेचाळीसची आहे. नवरा सुशील एका सरकारी खात्यात संविदेवर आहे, म्हणजे दर मार्चला त्याची नोकरी संपते आणि एप्रिलमध्ये, फाइल हलली तर, पुन्हा सुरू होते. मुलगी ओवी कॉलेजात शिकते. आई मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींना त्यात काही वेगळं वाटत नाही.

गेली अकरा वर्षं विनोदिनी शंकर नगरमध्ये एका मोबाइल कंपनीच्या दुकानात काउंटरवर बसते. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण मलाही अजून तिचंच बिल येतं. काचेचा दरवाजा, टोकन देणारं यंत्र, गार हवा, आणि निळा शर्ट घातलेली विनोदिनी. तिला माणसांपेक्षा त्यांचे नंबर आधी आठवत. भाजीच्या गाड्यावर एखादी बाई दिसली की ती माझ्या कानात म्हणायची, "उल्काताई, त्या पाहा, शेवटी सत्तेचाळीस-बारा. सिम तीनदा हरवलं त्यायचं." गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फोन तीच सुरू करून देई, पेन्शनचे मेसेज तीच वाचून दाखवी. कोणाला रेंज नाही, कोणाचं बिल जास्त आलं, की लोक दुकानात न जाता रात्रीच्या जेवणाआधी तिच्या जिन्यात उभे राहत. ती कधी कंटाळली नाही. हे काम तिला आवडायचं, आणि आपण लोकांच्या उपयोगी पडतो याचा तिला थोडा अभिमानही होता.

गेल्या जानेवारीत इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ती आली तेव्हा तिच्या पिशवीत फॉर्म होते. नवा फॅमिली प्लॅन. चार नंबर, एक बिल, महिन्याला नऊशे नव्वाण्णव, करार दोन वर्षांचा.

"दोन वर्षं भाव पक्का," ती आम्हा बायकांना सांगत होती. "बाकीच्या कंपन्या दर सहा महिन्यानं वाढवून राहिल्या. याच्यात एक रुपया वाढणार नाही. मी माझ्या घरचे तीनही नंबर टाकले."

आम्ही वाण घेतलं, तिळगूळ घेतला आणि सह्या केल्या. फॉर्म चार पानांचा होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी पहिलं पानसुद्धा वाचलं नाही. समोर विनोदिनी होती, वाचायचं कशाला. महिन्याभरात तिने दोनशे चौदा कुटुंबं त्या प्लॅनमध्ये आणली. त्यातली निम्मी तरी आपली, विदर्भाकडची माणसं होती. कंपनीने तिला फ्लोअर इन्चार्ज केलं आणि एका हॉटेलात बोलावून काचेची ट्रॉफी दिली. सुशीलने ती टीव्हीवर ठेवली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, रायपूर तव्यासारखं तापलेलं असताना, सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज आला. प्रिय ग्राहक, आपको और बेहतर अनुभव देने के लिए आपके प्लान में संशोधन किया गया है. सुधाकरने, माझ्या नवऱ्याने, पुढचं वाचलं आणि चष्मा काढला. नऊशे नव्वाण्णवचे बाराशे एकोणपन्नास झाले होते.

लोक चिडले, पण सुरुवातीला फार काळजीत नव्हते. नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जाता येतं, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. मेसेज पाठवायचा, कोड येतो, संपलं. आम्ही मेसेज पाठवला. कोड आला नाही. उत्तर आलं की करार शिल्लक आहे, आधी तो पूर्ण करा किंवा सहा हजार रुपये भरून मोकळे व्हा.

मग लोक शंकर नगरला जाऊ लागले.

त्या दिवसांबद्दल विनोदिनीने मला नंतर सांगितलं. आमच्यात मधे बोलणं नव्हतं, त्याचंही सांगते. या दिवाळीआधी ती माझ्याकडे चकल्या पाडायला आली, तेव्हा सोऱ्या फिरवता फिरवता ती बोलली, आणि मी घाणा तळत ऐकत राहिले.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकशे सत्तर टोकनं गेली. गोल बाजारातल्या एका कापडवाल्याने फॉर्मची झेरॉक्स तिच्या समोर चोळामोळा करून टाकली. शंकर नगरमधलीच एक बाई शांतपणे म्हणाली, "दीदी, आपके भी तो बच्चे होंगे." एका तरुणाने मोबाइल समोर धरून तिचं चित्रण केलं, आणि संध्याकाळी ते सगळीकडे फिरलं: यही हैं वो मैडम. ओवीच्या कॉलेजातल्या मुलींनीही ते पाहिलं.

कंपनीने काउंटरवरच्यांना एक कागद दिला होता. ग्राहक काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं. ग्राहक म्हणाला की फसवलं, तर म्हणायचं की आपली भावना मी समजू शकते. ग्राहक म्हणाला की भाव पक्का होता, तर म्हणायचं की अटी-शर्ती पान चारवर आहेत, कलम अकरा. विनोदिनीने कलम अकरा तेव्हा पहिल्यांदा वाचलं. कंपनी दर बदलू शकते, करार मात्र तसाच राहील, असा त्याचा अर्थ होता.

"तुले खरंच माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"नाही ना, ताई. ट्रेनिंगले हॉलमध्ये बसवलं होतं आमाले. सर म्हणे, भाव वाढणार नाही असं बिनधास्त सांगा. मी वहीत लिहून घेतलं. तेच सांगतलं सगळ्यायले."

ती ट्रेनिंग देणाऱ्या सरांना फोन लावत राहिली. त्यांचा नंबर तिला पाठ होता. तो बंद होता.

दुकानाचा मॅनेजर यशोधन एकतीस वर्षांचा, नाशिककडचा, दोन वर्षांपूर्वी बदलीवर आलेला. माणूस वाईट नाही. त्याच्यावर वरून आकडा होता: सोडून जाऊ पाहणाऱ्या शंभरातले नव्वद थांबवायचे. "ताई, माझ्या हातात काही नाही," तो तिला म्हणायचा, आणि ते खरंच होतं. तिच्या हातात तर त्याहून कमी होतं. नोकरी सोडायची म्हटली तर तीन महिन्यांची नोटीस, आणि पुढे कुठे जाणार. सुशीलची फाइल या वर्षी एप्रिलमध्ये हललीच नव्हती. जून आला तरी तो रोज ऑफिसला जात होता, काम करत होता, आणि कागदोपत्री तिथे नव्हता.

आता माझं सांगते. जूनमध्ये एकदा भाजीच्या गाड्यावर ती माझ्या शेजारी उभी राहिली. मी दोडकी निवडत होते. ती म्हणाली, "उल्काताई, बरं आहे ना?" मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुमाले ट्रॉफी मिळाली, आमाले बिल." चार बायका हसल्या. तिने घेतलेली कोथिंबीर परत ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही, मीही नाही. तिच्या जिन्यात कोणी उभं राहीनासं झालं. हळदीकुंकू लावलेल्या हातांनी आम्ही तिला गल्लीबाहेर काढलं, ती तिथेच राहत असताना.

जुलैपासून दुकानात पांडुरंग ठवकर येऊ लागले. ठवकरकाका आमच्याच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचा, सत्यभामाकाकूंचा, हैदराबादच्या मुलीचा आणि जावयाचा असे चार नंबर त्यांनी विनोदिनीच्या सांगण्यावरून दिले होते. ते रोज अकरा वाजता सिटी बसने यायचे, टोकन घ्यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. नंबर आला की काउंटरवर जाऊन एकच प्रश्न विचारायचे.

"पोरी, तू मले काय सांगतलं होतं?"

"काका, अटी-शर्ती पान चारवर आहेत," ती म्हणायची. मागे कॅमेरा होता आणि शर्टाला माइक लावलेला होता.

"बरं," असं म्हणून काका खिशातल्या डायरीत तारीख लिहायचे आणि जायचे. आवाज चढवला नाही, टेबल आपटलं नाही. ओरडणाऱ्या माणसांसमोर तिला काही वाटेनासं झालं होतं, पण अकरा वाजत आले की ती सारखी घड्याळाकडे बघायला लागायची. असे ते अठरा दिवस आले. एकोणिसाव्या दिवशी आले नाहीत, तेव्हा ती दर पाच मिनिटांनी दरवाजाकडे पाहत होती.

काकांनी जिल्हा उपभोक्ता आयोगात, म्हणजे ग्राहक मंचात, तक्रार लावली होती. अर्जाला त्यांनी डायरीची पानं जोडली होती.

सप्टेंबरमध्ये यशोधनने तिला आत बोलावलं आणि एक कागद पुढे केला. इंग्रजीत होता. तिने अर्थ विचारला, तर त्याने खाली बघत सांगितला: ग्राहकाला सर्व अटी मी वाचून दाखवल्या, दरांबद्दल कुठलंही आश्वासन दिलं नाही, ग्राहकाने समजून सही केली.

"पण मी तर सांगतलं होतं, सर. भाव वाढणार नाही म्हणून."

"मला माहीत आहे, ताई. वकिलांना तुमची सही हवी आहे. शुक्रवारपर्यंत."

"अन नाही केली तर?"

"तर कंपनी म्हणेल की विनोदिनी लांजेवारने स्वतःच्या मनाने खोटं आश्वासन दिलं. मग प्रश्न तुमचा आणि काकांचा राहील. कंपनीचा नाही."

सही केली तर काका खोटे. नाही केली तर ती खोटी. खरं बोलायला कुठेही जागा ठेवलेली नव्हती. कागद घडी करून ती घरी आली. सुशीलने वाचला. तो दिवसभर अशाच कागदांत असतो. "सही मार अन मोकळी हो," तो म्हणाला. "आता तुझी नोकरी गेली तर ओवीची फी कोण भरन?" त्याचंही चुकलं नव्हतं. ती ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत राहिली, निवडून झालेले पुन्हा निवडत राहिली.

मंगळवारी तिची सुट्टी असते. दुपारी ती ठवकरांकडे गेली. सत्यभामाकाकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही. काका पलंगावर बसून रेडिओ दुरुस्त करत होते. तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. मग म्हणाली, "काका, तुम्ही तक्रार मागं घ्या. मी पाया पडते."

काकांनी रेडिओ बाजूला ठेवला.

"मी गार्ड होतो," ते मग म्हणाले. "मागच्या डब्यात एकटा. गाडी जिथं जितके मिनिटं थांबली तितके वहीत लिहायचे. ड्रायव्हर म्हणे, दादा, चार मिनिटं कमी लिहा. मी नाही लिहिले. त्यानं मी काही मोठा झालो नाही. फक्त माझ्यासंग कोणी जेवाले बसत नव्हतं. म्हणून तुले मी सही करू नको असं म्हणणार नाही. तुले पोट्टी आहे."

"मंग मागं घ्या ना."

"ते नाही घेत."

"काहून, काका? अडीचशे रुपयासाठी?"

"अडीचशे गेले तर गेले. तू मले खोटं सांगतलं नव्हतं, पोरी. तुलेच माहीत नव्हतं. सारा पारा तुले चोर म्हणून राहिला. हे कुठंतरी, कोण्यातरी कागदावर लिहिलं पायजे का नाही?"

काकूंनी तेव्हा खुर्ची पुढे सरकवली. विनोदिनी बसली आणि रडली. पण तिने मला सांगितलं की घरी परतताना तिला हलकं वाटलं नाही. उलट जास्तच अडकल्यासारखं झालं. काका भांडले असते तर सही करणं सोपं गेलं असतं.

शुक्रवारी तिने सही केली. पण इंग्रजी मजकुराच्या खाली, जिथे थोडी जागा होती तिथे, आधी मराठीत दोन ओळी लिहिल्या. भाव दोन वर्षं वाढणार नाही असं मी ग्राहकाला सांगितलं होतं. मला ट्रेनिंगमध्ये तसंच सांगायला सांगितलं होतं. खाली ट्रेनिंगची तारीख, आणि मग सही.

यशोधनने ते वाचलं.

"ताई, हे मी वर पाठवू शकत नाही."

"नका पाठवू. दुसऱ्या कागदावर मी सही करत नाही."

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय केलंत?"

"हव," ती म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाचून सही केली."

त्याने कागद खणात ठेवला. चार दिवस तो खणातच होता. मग त्याने तो पाठवला. का पाठवला ते विनोदिनीलाही माहीत नाही आणि तिने विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वकील आले आणि तडजोड झाली. ठवकरांचा करार दंडाशिवाय रद्द, वाढीव पैसे परत, तक्रार मागे. बदल्यात काकांनी लिहून द्यायचं की याबद्दल कोणाशी बोलणार नाही. विनोदिनीनेही तसंच लिहून द्यायचं. तिने लिहिलेल्या दोन ओळींचं काय झालं, त्या कोणत्या फायलीत गेल्या, हे कोणी सांगितलं नाही. काकांना सही करायची नव्हती. जे कागदावर यावं म्हणून ते लढले तेच झाकायचं होतं. पण मुलीने हैदराबादहून फोन करून करून त्यांना थकवलं, आणि त्यांनी सही केली.

सत्यभामाकाकूंनी मात्र कशावरच सही केली नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगितलं.

त्याने विनोदिनीचं भलं होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटं. लोकांनी अर्धंच ऐकलं, की ठवकर सुटले. "काकाचं केलं, आमचं काहून नाही?" म्हणून दोनशे तेरा घरं पुन्हा तिच्यामागे लागली. ओळखीच्याचं काम करते, बाकीच्यांना पान चार दाखवते, असं लोक म्हणू लागले. आणि ती काही बोलू शकत नव्हती. एक शब्द बोलली तर नोकरी जाणार आणि वर दावा होणार. जिन्यात पुन्हा माणसं उभी राहायला लागली, पण आता ती दार उघडत नव्हती.

मी काकूंकडून सगळं ऐकलं होतं, म्हणून शंकर नगरला गेले. टोकन घेतलं. माझा नंबर आला तेव्हा तिने मला पाहिलं आणि ग्राहकाशी बोलतात तसं हिंदीत विचारलं, "जी, बताइए." मी म्हणाले की ठवकरांसारखं आम्हाला करता येईल का. तिने कागदावरचं वाक्य म्हटलं, की आपकी भावना मैं समझ सकती हूँ. म्हणताना तिच्या हातातलं पेन काउंटरवरच्या पाटीकडे सरकलं. तक्रारीसाठी कुठे जावं ते पत्ते तिथे लिहिलेले होते, कायद्याने लावावीच लागते अशी पाटी, जी कोणी वाचत नाही. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. उपभोक्ता आयोग. मग ती म्हणाली, "नेक्स्ट टोकन."

त्या दिवशी बसमध्ये मला कोथिंबिरीची जुडी आठवत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या जिन्यात गेले. तिने दार उघडलं नाही, तर मी बाहेरूनच सांगितलं, "विनोदिनी, माझं चुकलं. चकल्या पाडायच्या आहेत, रविवारी ये." ती आली.

आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी तक्रारी लावल्या. चौघांशी कंपनीने तडजोड केली. बाकीच्यांना तारखा मिळताहेत. आम्हीही त्यांतच आहोत. इतरांनी तक्रार केलीच नाही. कामधंदा सोडून तारखांना कोण जाणार. ते बिल भरतात, अजून वर्षाहून जास्त भरतील. विनोदिनीच्या घरचे तीन नंबरही त्याच करारात आहेत. तिने सूट मागितली नाही.

इन्चार्जपद गेलं. तिला पुन्हा पहिल्या काउंटरवर बसवलं, नवीन जोडणीच्या. म्हणजे नवे करार भरून घ्यायचे. सुशीलची फाइल नोव्हेंबरात हलली, तीही मार्चपर्यंतच. घरात थोडं बरं आहे, पण नोकरी सोडण्याइतकं नाही.

ती आता प्रत्येकाला पान चार उघडून दाखवते. कलम अकरा हिंदीत, छत्तीसगढीत, मराठीत सांगते: भाव कधीही वाढू शकतो, मधेच सोडलं तर दंड. यशोधनने एकदा ऐकलं आणि आत गेला. तिचा विक्रीचा आकडा दुकानात सर्वांत खाली आहे आणि इन्सेन्टिव्ह बंद झालाय.

गेल्या आठवड्यात एक नवं जोडपं आलं होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. विनोदिनीने त्यांना सगळं सावकाश सांगितलं, दोनदा सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. मग नवरा म्हणाला, "दीदी, हमारी कॉलोनी में इसी का टावर पकड़ता है. बाकी कुछ चलता ही नहीं." त्याने पेन मागितलं. तिने दिलं. त्याने चारही पानांवर सह्या केल्या, बायकोनेही केल्या, आणि विनोदिनीने त्यांचा फोटो काढून अर्ज पुढे पाठवला.

"मंग तू काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार, ताई," ती म्हणाली. "सिम कसं टाकायचं ते दाखवलं."